दुकानाची वही बारीक करायची आहे: खानदेशात चार एकरांवर घरचं घरी किती भागेल?

बोरीकाठचा (जून २०२४)

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

पारोळा तालुक्यातलं गाव, चार एकर वावर. त्यातलं तीनेक एकर मध्यम काळं, बाकी मुरमाड. विहीर फेब्रुवारीपर्यंत साथ देते, पुढे तळाशी घागरभर. चाकणची नोकरी सोडून दोन वर्षं झाली घरी येऊन. घरात आबा, आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं, अशी सहा तोंडं. दोन्ही वर्षं चारही एकर कापूस लावला. आजूबाजूला सगळे तेच लावतात.

गेल्या आठवड्यात किराणा दुकानदाराकडे उधारी भागवायला गेलो आणि वही घरी आणून वर्षाची बेरीज केली. ७८ हजार! साबण-चहा-साखर सोडा, पण त्यात तूरडाळ, शेंगदाणा तेल, गहू, ज्वारी, लाल तिखट, इतकंच काय कळणाच्या भाकरीसाठी उडीदसुद्धा. आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "वावर आपलं, आन् डाय इकतनी?" (डाळ विकतची?) एवढंच. रात्रभर झोप नाही.

तर विचार असा आहे की निम्म्या वावरात कापूस ठेवायचा आणि निम्म्यात घराला लागेल ते सगळं. धान्य, डाळ, तेल, भाजी. एक म्हैस, शेणावर गोबरगॅस, कोंबड्या. तीन वर्षांत दुकानाचं तोंड बघायचं नाही. कोणी केलंय का? कुठे फसेल?

तिखटमीठ

वाचतेय. मीठ कुठे पेरणार तेवढं कळवा. 😀

जिभाऊ_शिरपूर

भाऊ, सगळ्यात आधी वही आणि पेन. किती पिकेल ते नंतर बघू, घराला लागतं किती ते मांडा.

सहा माणसं, माणशी महिन्याला ११ किलो धान्य धरा, पाहुणेरावळे त्यातच. वर्षाला ८ क्विंटल. कोरडवाहूवर दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, एकरी ५–६ क्विंटल सहज देते, जमीन धरणारी असेल तर. म्हणजे सव्वा-दीड एकरात वर्षभराच्या भाकरीची सोय आणि वर बैलांना कडबा. गव्हाला चार-पाच पाणी लागतात. तुमच्या विहिरीवर पोळीपुरता थोडका होईल, जास्त हाव धरू नका.

आता दादरची खरी गंमत. ती पेरायची सप्टेंबरच्या शेवटी, जमिनीतल्या ओलीवर. मग जून ते सप्टेंबर वावर रिकामं का ठेवायचं? त्यात उडीद-मूग पेरायचा. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत निघतो, मुळांच्या गाठी जमिनीत राहतात आणि मागच्या दादरला फायदा होतो. आपल्या कळण्यात काय असतं? दादर आणि सालासकट उडीद. एकाच वावरातलं खरीप आणि रब्बी एका भाकरीत! आपल्या लोकांनी पीकपद्धत आधी ठरवली की भाकर आधी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

हे सगळं वावर कापसाखाली गेलं आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी राहायला लागली, तेव्हा दादर पेरायला जागाच उरली नाही. त्यामुळे तुमच्या आईला उडीद विकत घ्यावा लागतो.

दादरचं बी बाजारातून हायब्रीड म्हणून घेऊ नका. गावात कोणा म्हाताऱ्याकडे कोठीत असेल तर ते घ्या. दरवर्षी चांगली कणसं निवडून घरचंच बी ठेवता येतं. ज्या बियाण्याला दर जूनला पाकीट फोडावं लागतं त्यावर घर कसं उभं राहील?

बोरीकाठचा

जिभाऊ, हे कोणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांकडे हेच होतं, बीटी कापूस आल्यावर २००३–०४ पासून मोडलं.

डाळीसाठी कापसातच तूर टाकायचा विचार आहे. आठ तास (ओळी) कापूस, एक तास तूर. महिन्याला ९ किलो डाळ लागते आम्हाला, वर्षाला १०८. तुरीची डाळ होताना दोन तृतीयांश उतारा धरला तर १६० किलो तूर हवी. दोन एकर कापसातल्या तुरीत निघेल ना?

तेलाचं मात्र गणित बसत नाहीये.

लाकडी_घाणा

तेलाचं मी सांगतो, चाळीसगावकडे लहानसा घाणा आहे माझा.

महिन्याला ५ लिटर म्हणजे वर्षाला ६० लिटर, वजनाने ५५ किलोच्या आसपास. घाण्यावर दाण्यातून ४० टक्के तेल धरा, म्हणजे १४० किलो दाणे. वाळलेल्या शेंगेतून दाण्याचा उतारा ७० टक्के. एकूण २ क्विंटल शेंग लागेल. अर्ध्या एकरात होते. तुमचा मुरमाड तुकडा भुईमुगाला चांगलाच, शेंग उपटायला सोपी, माती चिकटत नाही. जात म्हणाल तर आपल्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची जेएल २४, म्हणजे फुले प्रगती. जुनी आहे पण ९०–९५ दिवसांत मोकळी होते.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो. शेंग ओली असताना पोत्यात भरली की बुरशी आलीच. ती बुरशी तेलात-ढेपेत उतरते आणि माणसाला नि जनावराला दोघांना विषारी. शेंग हलवून दाणा आत खुळखुळ वाजला पाहिजे, तोवर उन्हातच. आणि दुसरं, रानडुकरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा स्वतःचा तुकडा दोनदा उकरून नेलाय.

तीळ थोडा टाकाच. आणि दादरच्या कडेने करडई. काटेरी असल्याने जनावर आत शिरत नाही, कुंपणाचं कुंपण आणि तेल फुकट.

रोकडा_हिशोब

सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून जरा कडू बोलतो.

या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये आहे. एकरी ५ क्विंटल धरला तर साडेसदतीस हजार. बियाणं, खतं, फवारण्या, निंदणी, वेचणी जाऊन माझ्याकडे वाईटात वाईट वर्षी पंधरा हजार उरतात. त्यात तुमची वर्षाची डाळ येते की! १०८ किलो डाळीसाठी भिजवणं-वाळवणं-भरडणं कशाला? जे आपल्याला चांगलं जमतं ते पिकवा, विका, बाकी विकत घ्या. जग असंच चालतं. हौस म्हणून परसबाग करा, पण त्याला स्वयंपूर्णता वगैरे नाव देऊ नका.

बोरीकाठचा

हिशोब पटतो. पण तुमच्या "वाईटात वाईट वर्षी" मध्ये २०१७ ची गुलाबी बोंडअळी धरली आहे का? आबांना त्या वर्षी घातलेला पैसाही निघाला नव्हता. दुकानाची वही तर त्या वर्षीही तेवढीच होती.

शिवाय तूर कापसाच्याच वावरात, त्याच निंदणीत येते. तिच्यासाठी वेगळा एकर लागत नाही.

यावलची_लेक

दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही.

इथे क्विंटल झाले, लिटर झाले, रुपये झाले. तास कोणी मोजले? १६० किलो तुरीची डाळ "होते" म्हणे. कशी होते? तूर भिजवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, घरोट्यावर भरडायची, पाखडायची, जी फुटली नाही ती परत. माझी आई आणि काकू चैत्रात पंधरा दिवस हेच करायच्या. ते संपलं की बिबडे. ज्वारी भिजत घालायची, कांडायची, पहाटे चारला चूल पेटवून पीठ घेरायचं, कारण उन्हं चढायच्या आत थापून झालं पाहिजे. मग कुरडया, पापड, मुगाचे वडे, मिरची. आमच्या घरात विकतचं काही येत नव्हतं हे वडील अभिमानाने सांगायचे. आईचे खांदे आजही वर जात नाहीत.

म्हैस म्हणालात. तिची धार कोण काढणार, शेण कोण उचलणार? तुम्ही दोन दिवस लग्नाला गेलात तर घरी कोण थांबणार?

भाऊ, तुम्हाला नाउमेद करायचं नाहीये. फक्त वहिनींना विचारलंत का? विचारलं असेल तर त्यांनाच इथे लिहू द्या.

तिखटमीठ

+१०० यावलची_लेक. मिठाचा विनोद परत घेते, खरा प्रश्न हाच होता.

बोरीकाठचा

मी यांच्या आयडीवरून लिहितेय. यांनी फोन हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसलेत.

यावलच्या ताई, तुमचे उपकार. मला विचारलं होतं, पण "म्हैस घ्यायची ना?" असं विचारलं होतं. त्याला काय उत्तर द्यायचं?

माझं म्हणणं सांगते. भाजी मला हवी आहे. मोरीच्या पाण्यावर गिलके, दोडके, वाल, कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता. ते मी करीन, मला त्याची आवड आहे. माहेरी शिंदखेड्याला आमचं परस होतं. मिरचीपण घरचीच हवी, दुकानातल्या तिखटाला रंगच नुसता. उडीद, दादर, शेंग वावरातून आली तर मला आनंदच. शेवया आणि कुरडया मी विकत घेणार, त्यावर चर्चा नाही. डाळ घरोट्यावर करणार नाही. गावात बचत गटाने लहान डाळ गिरणी आणलीय, किलोमागे भरडाई घेतात, तिथे द्यायची. आणि म्हैस नको. सासूबाईंचे गुडघे गेलेत, पोरं शाळेत, हे वावरात. म्हणजे म्हैस माझी.

हे कोंबड्या म्हणतात त्याला हरकत नाही. मुलं सांभाळतील, दहाच. बोका आधीच टपून बसलाय ते वेगळं.

यावलची_लेक

वहिनी, दंडवत! हे मूळ धाग्यातच वर टाकायला हवं.

उन्हाळ्याच्या भाजीचं एक सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४–४५ ला जातो, परसात काही टिकत नाही. गवार, आंबाडी, कटुर्ले असेल तेव्हा वाळवून ठेवायचे. आणि आपला स्वयंपाक आठवा. डुबुकवडे, फुनके, पाटोड्या, घोटलेलं पिठलं. सगळं डाळीचं नाहीतर पिठाचं. हे पदार्थ उगाच झालेले नाहीत. आपल्या आज्यांना ठाऊक होतं की चार महिने हिरवं पान मिळणार नाही, म्हणून कोठीत डाळ भरली की त्यांच्या लेखी भाजीची सोय झाली. तेव्हा उन्हाळ्यात टोमॅटो पिकवायच्या नादी लागू नका, हरभरा दोन पोती जास्त ठेवा.

शेणखत

गोबरगॅसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. म्हैस नको म्हटल्यावर प्रश्नच मिटला, तरी आकडे असू द्या.

१ घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजं शेण लागतं. घरच्या सहा माणसांच्या स्वयंपाकाला २ घनमीटर हवा, म्हणजे ५० किलो. म्हैस दिवसाला १५ किलो देते, बैल १०–१२. बैलजोडी दिवसभर वावरात असेल तर निम्मं शेण तिथेच पडतं. एका जोडीवर २ घनमीटरचा खड्डा बांधलात तर तो आयुष्यभर अर्धपोटी राहील. १ घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतका. महिन्याला एक सिलिंडर वाचेल, तेही शेण पूर्ण मिळालं तर, आणि थंडीत गॅस कमी येतो. माझ्या गावात अनुदानावर बांधलेल्या निम्म्या टाक्यांत आज पालापाचोळा आहे.

चार-पाच जनावरं असतील तर मात्र करावाच. स्लरी वावराला सोनं आहे. तुमच्यासाठी सध्या उकिरडा नीट बांधणं आणि शेणखत उन्हात वाळू न देणं, एवढंच पुरेसं.

तापीखोरं

पाण्याचं काय? सातपुड्याच्या पायथ्याला आमच्याकडे केळीसाठी बोअर खाली खाली नेत आम्ही काय करून बसलो ते आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे बोअर मारा असं मी सांगणार नाही.

घराचं छप्पर बघा. १,००० चौरस फूट पत्रा असेल आणि ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर वाया जाणारं वजा करून ४४–४५ हजार लिटर पाणी मिळतं. सहा माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ६० लिटर धरा. फेब्रुवारी ते जून १५० दिवस, म्हणजे फक्त ९ हजार लिटर. दहा हजारांची झाकलेली टाकी भरून घ्या. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची घाण असते. बाकीचं गाळणखड्ड्यातून विहिरीत. फेब्रुवारीची विहीर मार्चच्या मध्यापर्यंत आली तरी तुमचा गहू शेवटच्या पाण्याला अडणार नाही.

पांझराकाठ

मी सांगस ते जरा आयकी ल्या. वय ७१, साक्री तालुका. नातू टाईप करतोय.

तुम्ही बठ्ठे एका घराचा हिशोब करी ऱ्हायनात. आमच्या पांझरेवर फड होते. नदीवर दगडी बंधारा, त्याचा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे, त्यांना फड म्हणायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. कुठल्या फडात यंदा काय लावायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. एका फडात एकच पीक. म्हणजे एकाने ऊस लावला आणि शेजारच्याचा हरभरा सडला असं नाही. पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक ठेवायचा, तोटा सगळ्यांचा सारखा. पाणी द्यायला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायला जायचं नाही, म्हणून भांडण नाही. तीनशे वर्षांवर चाललं हे. वरती धरणं झाली, विहिरींवर मोटारी आल्या, मग ज्याचं त्याने बघायला सुरुवात केली.

माझ्या बापाने कधी तेल गाळलं नाही, मडकं केलं नाही, फाळाला धार काढली नाही. तेली, कुंभार, लोहार होते, त्यांना खळ्यावर धान्य जायचं. त्यात खालच्या जातीच्या माणसाला किती मान होता ते विचारू नका, ते परत आणा असं मी सांगत नाही. पण घर एकटं कधीच पुरं पडत नव्हतं. तुम्ही दुकान बंद करून घरातच दुकान मांडायला निघालात, म्हणून तुमच्या घरच्या बाईला म्हशीची भीती वाटते.

पाच घरं धरा. एकाची म्हैस, एकाची बैलजोडी, एकाचा भुईमूग. तुमच्याकडे दादर होईल तर कडबा म्हशीवाल्याला द्या, दूध घ्या. दूधही आलं, म्हैसही नाही.

जिभाऊ_शिरपूर

आप्पा, पायावर डोकं ठेवतो.

रोकडा_हिशोब

हे बाजारच झालं की, फक्त रुपयाऐवजी कडबा.

पांझराकाठ

हो. पण त्या बाजाराचा भाव आम्हीच ठरवत होतो.

तिखटमीठ (एप्रिल २०२६)

धागा वर काढते. बोरीकाठचे भाऊ, दोन पावसाळे झाले. वही किती बारीक झाली?

बोरीकाठचा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी धागा वर आला, चांगला मुहूर्त आहे. लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. सगळं सांगतो, चुकांसकट.

पहिलं वर्ष वाईट गेलं. उडीद काढणीला आला आणि सप्टेंबरचा पाऊस लागला. शेंगेतच मोड आले, निम्मा म्हशीवाल्याला गुरांसाठी दिला. भुईमूग डुकरांनी खाल्ला, घाणेवाल्या भाऊंनी सांगितलं होतंच. एक रात्र मचाणावर झोपलो, दुसऱ्या रात्री झोप लागली आणि तेवढ्यात पाच ओळी उकरून नेल्या. दादर मात्र अशी आली की आबा रोज संध्याकाळी वावरात जाऊन नुसते उभे राहायचे. सव्वा एकरात साडेसहा क्विंटल. हुरड्याला भाचरं आली होती, ते वेगळंच.

साठवणीत एक चूक केली. दादर घाईने कोठीत भरली, नीट वाळली नव्हती, पावसाळ्यात टोके (किडे) झाले. आईने सगळी बाहेर काढून पुन्हा ऊन दिलं, कडुनिंबाचा पाला घातला, बिब्बे टाकले. आता दाणा दाताखाली कटकन फुटल्याशिवाय आई कोठीचं झाकण उघडू देत नाही.

दुसऱ्या वर्षी उडदाचे दोन भाग केले आणि दहा दिवसांच्या अंतराने पेरले. एक भाग भिजला, एक वाचला. भुईमूग एकट्याने करायचा नाद सोडला. आम्ही तिघांनी मिळून एकाच ठिकाणी दीड एकर लावला आणि रात्रीची राखण वाटून घेतली. आप्पा, तुमचा फड आठवला होता. घराला दीड क्विंटल शेंग मिळाली. तेल पुरं वर्षभर नाही, नऊ महिने. तूर कापसातून १७० किलो, डाळ गिरणीवर. दूध कडब्यावर चालू आहे. विहिरीवर सौर कृषी पंप बसला, ५ अश्वशक्तीचा, आमचा हिस्सा १० टक्के. रात्री लाईट आली की टॉर्च घेऊन पळायचं, ते थांबलं. छपराची टाकी अजून झालेली नाही, पैसा पुरला नाही.

वही ७८ हजारांवरून ४१ हजारांवर आली. शून्य होणार नाही आणि आता व्हावी असंही वाटत नाही.

रोकडा_हिशोब

अभिनंदन, मनापासून. पण माझं काम मला करू द्या. दोन एकर कापूस कमी झाला म्हणजे ९ क्विंटल. या हंगामाच्या ८,११० च्या हमीभावाने ७३ हजार. त्यावरचा खर्च वाचला तो ४५ धरू. निव्वळ २८ हजार गेले. वहीत ३७ वाचले. दादर-उडदाचा खर्च वजा केला तर हातात दोन-चार हजार. दोन वर्षांच्या राखणीची मजुरी एवढीच?

बोरीकाठचा

हिशोब बरोबर आहे, मीही हाच केला होता. तुमच्या पाटीत न दिसणारी एक गोष्ट सांगतो.

आधी दर दिवाळीला दुकानदाराचा माणूस दारात यायचा. मग पहिल्या दोन वेच्यांचा कापूस घरात ठेवायची सोयच नसायची. खेडा खरेदीवाला गाडी घेऊन येतो, ओलावा जास्त, कवडी (किडका कापूस) जास्त म्हणत भाव पाडतो, आणि आपण देतो, कारण दुसऱ्या दिवशी उधारी भागवायची असते. यंदा दिवाळीला वहीवर अकरा हजारच होते. मी गाडीवाल्याला नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. कापूस वाळवला, जानेवारीत शासकीय खरेदी केंद्रावर नेला. दर वर्षी थांबल्याने भाव जास्तच मिळेल असं नाही, हे मला कळतं. पण थांबायचं की नाही ते यंदा मी ठरवलं.

रोकडा_हिशोब

हे पाटीत मांडता येत नाही, मान्य. गप्प बसतो.

तापीखोरं

टाकीचं बघा पण. दरवर्षी ४५ हजार लिटर गटारात जातंय.

यावलची_लेक

वहिनींचं परस कसं आहे?

जिभाऊ_शिरपूर

आप्पांच्या साक्रीवरून एक आठवलं. बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. त्या गावाने आधी जंगल राखलं, मग पाणी आलं, आणि आता तिथल्या बायका रानभाज्यांची स्पर्धा भरवतात. आप्पा म्हणत होते ते गावाने मिळून करायचं असतं, त्याचं चालतं-बोलतं उदाहरण. सवड काढून एकदा जाऊन या. आप्पा बरेत ना? बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही.

पांझराकाठ

नातू लिहितोय. आजोबा बरे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, त्या पोऱ्याला विचार, दादरचं बी मिळेल का, आमच्याकडचं पार संपलं.

बोरीकाठचा

आप्पांना नाही कसं म्हणणार! पाच किलो ठेवतो बाजूला, निवडलेल्या कणसांचं. सवाईने परत द्यायची नाही. पुढच्या वर्षी पाच किलोच द्या, तेही आमच्याकडचं बुडालं तरच.

बोरीकाठचा

मी लिहितेय, यांच्या आयडीवरून. ते पाच किलो माझ्या कोठीतले आहेत, हे सांगायचं राहिलं यांचं. आप्पांना खुशाल द्या. पण डबा परत पाठवा, झाकणाचा आहे.

यावलच्या ताई, परस छान आहे. गिलक्याचा वेल शेजारच्या छपरावर गेलाय, आता गिलकी त्यांनाच जास्त मिळतात. कोंबड्या सहा उरल्या. बोका.